न मागितलेली रजा

मित्रांनो, मी एक जुनी काळी पत्र्याची पेटी आहे. लोक मला फौजी पेटी म्हणतात. आष्ट्याजवळच्या एका गावात, जयराजच्या घरात, सोप्यातल्या भिंतीला टेकून मी असते. माझ्यावर घडी घातलेली वाकळ आणि वाकळेवर बहुतेक वेळा कोणीतरी बसलेले. स्वभाव म्हणाल तर फार चौकस. झाकण बंद असले तरी माझे कान उघडे असतात.

माझा जन्म बेळगावचा. छावणीजवळच्या बाजारात एका कारागिराने पत्रा ठोकून, कडा दुमडून, दोन कड्या बसवून मला घडवले. नुकताच भरती झालेला जयराज आला, त्याने मला वाजवून पाहिले, उचलून पाहिले आणि खांद्यावर घेतले. पांढऱ्या रंगात त्याचे नाव माझ्या अंगावर आले, त्या दिवशी मला केवढी ऐट आली होती! मग आम्ही दोघांनी देश पाहिला. जम्मूची थंडी, राजस्थानची वाळू, आसामची ओल. बदली झाली की पहिली आठवण माझीच व्हायची. माझ्या पोटात कडक इस्त्रीचे गणवेश असत आणि तळाशी आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी.

एक गोष्ट मात्र फक्त मलाच ठाऊक आहे. रजा मागायला साहेबांकडे जाण्याआधी जयराज माझ्यासमोर ताठ उभा राहून तालीम करायचा. "साब, छुट्टी चाहिए." कधी आवाज फार मोठा व्हायचा, कधी अगदीच बारीक. सृष्टी जन्मली तेव्हाही त्याने अशीच तालीम केली. रजा मिळाली नाही. परत येऊन तो माझ्यावर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. लेकीचे तोंड त्याने पाहिले तेव्हा ती बसायला लागली होती.

पुढे चाकांची बॅग आली आणि मी घरी आले ती कायमची. वाईट वाटले, नाही कशाला म्हणू? कड्या गंजल्या, नावाचा रंग उडाला. पण घरी एक नवे कुतूहल माझी वाट पाहत होते. शाळा! अख्खा देश फिरलेल्या मला शाळा काही पाहायला मिळाली नव्हती. पाचवीतली सृष्टी रोज दप्तर माझ्यावर टेकवते आणि वेणी घालून घेताना तिची टकळी सुरू होते. बाकावर शेजारी बसणारी राजनंदिनी काय म्हणाली, अंकिता मॅडम कशा हसल्या, आज कोण आले नाही. तिथे असते तरी काय, याचा मी किती विचार केला!

मे महिन्यात शाळेला सुट्टी असते तेव्हा जयराजला रजा नसते. त्याला रजा मिळते तेव्हा शाळा चालू असते. दरवर्षी हेच. यंदा तो जानेवारीत आला. सृष्टी त्याच्या गळ्यात पडून विचारू लागली, "पप्पा, स्ट्रॉबेरी झाडाला लागती का वेलीला?"

"मला बी ठावं न्हाई गं," जयराज म्हणाला. देशभरचे डोंगर राखणाऱ्या या गड्याने आपल्या शेजारचे महाबळेश्वर पाहिले नव्हते. "चल, बघूनच येऊ."

सृष्टीची आई क्रांती म्हणाली, "आवं, शाळा हाय तिची. मॅडमना इचारा आधी."

"आन् न्हाई म्हणाल्या तर?"

"इचारल्याबिगर कसं कळंल?"

जयराजने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता तो उभा राहून तालीम करणार. त्याने सरळ फोन लावला. "मॅडम, सृष्टीला ताप आलाय. दोन-तीन दिवस यायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिघे निघून गेले. म्हशीची धार काढायला जयराजची आई, चंद्राबाई, मागे राहिली. तापाची थाप तिला सांगायचे मात्र घाईत राहूनच गेले.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर दारात चपलांचा ढीग पडला. अंकिता मॅडम आल्या होत्या, हातात शहाळे. मागे पाचवीतली पोरे आली आणि दाटीवाटीने माझ्यावर बसली. आपल्याकडे आजाऱ्याला पाहायला रिकाम्या हाताने कोणी येत नाही. बिस्किटांचा एक पुडाही होता.

"आजी, सृष्टीचा ताप उतरला का?" राजनंदिनीने विचारले.

"कसला ताप? आगं, ती बापाबरं म्हाबळेश्वरला गेलीया, स्ट्रॉबेरी खायला!"

मॅडमनी शहाळे हळूच खाली ठेवले. "ताप नाही ते बरंच झालं, आजी," एवढेच त्या म्हणाल्या. राजनंदिनीने फ्रॉकच्या खिशातून कागदाची एक पुडी काढली. मधल्या सुट्टीत भैरोबाच्या देवळात जाऊन तिने मैत्रिणीसाठी अंगारा आणला होता. ती पुडी तिने माझ्यावर ठेवली आणि चहा न घेताच निघून गेली. जन्मभर मी मणामणाचे सामान सांभाळले. त्या पुडीचे काय करावे ते मला कळेना.

तिघे परत आले ते हसत. राजनंदिनीसाठी सृष्टीने स्ट्रॉबेरीचा एक डबा वेगळा आणला होता. आजीने झाला प्रकार सांगितला आणि पोरीचा चेहराच उतरला.

"आये, झाकून न्ह्यायचं हुतंस की," जयराज म्हणाला.

"मला सांगितलं हुतं व्हय कुणी? आन् सांगितलं असतं तरी चांगल्या पोरीला ताप हाय म्हणू व्हय? बोलाफुलाला गाठ पडती!"

सृष्टीने पुडी हातात घेतली. "राजनंदिनी माझ्याशी आता बोलायची न्हाई," म्हणत ती रडू लागली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेलीच नाही. सहल संपली होती, तरी आणखी एक दिवस बुडाला. मला तिची फार दया आली, आणि जयराजचा राग.

त्या संध्याकाळी राजनंदिनी एकटीच दारात उभी राहिली. "माझा अंगारा द्या. देवाचा हाय. ताप नसलेल्याला कशाला पायजे?" मग आत पाहून मोठ्याने म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मी गावभर केलं असतं व्हय? मी पाया पडून आले तुझ्यासाठी!"

जयराज माझ्यावर बसला होता. तो उठला आणि त्या एवढ्याशा पोरीसमोर ताठ उभा राहिला. "चूक माझी हाय. ताप आलाय म्हणून मीच सांगितलं. तिनं न्हाई."

"तुमी मॅडमना इचारलंच न्हाई, काका?"

"न्हाई म्हणाल्या असत्या तर?"

"मग परत इचारायचं! आमी पाणी प्यायला जायचं म्हणून तीन-तीनदा इचारतो."

क्रांतीने हसू दाबायला तोंडाला पदर लावला. राजनंदिनीची नजर मात्र डब्याकडे गेली होती. राग होता, पण कुतूहल त्याहून मोठे निघाले. "झाडाला लागती का वेलीला?" तिने विचारले.

सृष्टी डोळे पुसत बाहेर आली. "कशालाच न्हाई. बुटकं रोप असतं, भुईलगत. पानाखाली लपती. पप्पा वाकून वाकून कंबर धरून बसले!"

राजनंदिनी हसली. एक स्ट्रॉबेरी खाऊन तिने तोंड वाकडे केले, मग दुसरी घेतली. जाताना पुडी तिने पुन्हा माझ्यावर ठेवली. "ऱ्हाऊ दे. काका ड्युटीवर जातील तवा लाव त्यास्नी."

दुसऱ्या दिवशी सकाळी जयराज माझ्यासमोर उभा राहिला. किती वर्षांनी! "मॅडम, मी खोटं बोललो. आन् शुक्रवारी मी निघतोय. सृष्टीला अर्ध्या दिवसाची रजा पायजे." आवाज आधी मोठा झाला, मग बारीक. मला पाय असते तर मी त्याच्यासोबत शाळेत गेले असते. परत येऊन तो क्रांतीला म्हणाला, "रजेचं शुक्रवारी सांगते म्हणाल्या मॅडम."

शुक्रवारी दुपारी सृष्टी दप्तर घेऊन धावत आली. मिरजेहून सुटणाऱ्या गाडीची वेळ होत आली होती. जयराज माझ्या कड्यांना तेल घालत होता.

"दिली रजा!" ती म्हणाली. "आन् मॅडम म्हणाल्या, पप्पांना सांग, तवा इचारलं असतं तर तवाबी दिली असती."

जयराज मटकन माझ्यावर बसला. सृष्टीने पुडी उघडून त्याच्या कपाळाला अंगारा लावला. तो गेल्यावर तिने रिकामा कागद माझ्या पोटात ठेवून झाकण लावले. कड्या जराही कुरकुरल्या नाहीत.

मित्रांनो, शाळा मी अजून पाहिलेली नाही. पण एक पोर एक दिवस दिसली नाही तर शहाळे घेऊन दारात येणारी माणसे तिथे असतात, एवढे मला कळले. बाबांचा हात धरून तुम्ही खुशाल डोंगर पाहा, रोपे पाहा. जाताना तेवढे विचारून जा. नाही म्हणाले, तर परत विचारा.