‘माझं’ कुणाला लागलं

खोकल्याच्या औषधाचं रिकामं खोकं फाडून तिनं आतल्या कोऱ्या बाजूवर लिहिलं : कझ – मुलगी. कझम – माझी मुलगी. औषधाच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसे, तेव्हा ती फोनवरून तुर्की शिकत असे.

दोन वर्षांपूर्वी तिची लेक नोकरीसाठी परदेशी गेली आणि एका तुर्की बाईच्या घरात भाड्यानं राहू लागली. फोनवर माय-लेकींचं बोलणं रंगात यावं, तर मागून घरमालकिणीची हाक यायची, "कझम!" की लेक "ठेवते गं आई" म्हणून पळायची. हाकेचा अर्थ कळला त्या दिवशी आईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कळा सोसल्या आपण, आणि ‘माझी मुलगी’ म्हणणार ही!

"काकू, तिथे कुणाही पोरीला कझम म्हणतात," फोनवरची शिकवणारी हसली. "भाजीवालाही म्हणेल."

"भाजीवाल्याचं राहू दे. पुढचं सांग."

पुढे शब्दाला प्रत्यय, त्या प्रत्ययाला आणखी प्रत्यय. एव म्हणजे घर, एविम माझं घर, एविमदे माझ्या घरात. शाळेत मराठीच्या विभक्त्या तिला कधी धड पाठ झाल्या नव्हत्या. या मात्र जळफळत का होईना, झाल्या. ‘ती माझी मुलगी आहे,’ हे त्या बाईला तिच्याच भाषेत एकदा ऐकवायचं होतं.

लेक आठवड्याच्या रजेवर आली. तिसऱ्या दिवशी घरमालकिणीचा फोन आला. आई हात पुसत दाराशी येऊन उभी राहिली. वाक्य ओठांवर होतं.

"आन्नेमिन एविन्देयिम," लेक सांगत होती.

आई बोटांवर शब्द सोडवू लागली. आन्नेम, माझी आई. आन्नेमिन, माझ्या आईच्या. माझ्या आईच्या घरी आहे. ‘माझं’ आईला लागलं होतं, घराला नाही. पुढच्या वाक्यात रविवार होता, परतणं होतं, आणि एविमे. माझ्या घरी.

"आई, त्यांना नुसतं हॅलो तरी म्हण."

तिनं फोन घेतला. पलीकडचा आवाज म्हातारा होता, थोडा दमलेला.

"तेशेक्क्यूर एदेरिम," ती म्हणाली. आभारी आहे. आणि फोन परत दिला.

लेक बघतच राहिली. "तुला कुठून येतं हे?"

"दुकानात येतं एक गिऱ्हाईक." तिनं लेकीची वाळलेली ओढणी घडी करायला घेतली. "रविवारी घरी पोचायला किती वाजतील गं तुला?"

"संध्याकाळ होईल," लेक म्हणाली.