किल्लीपाशी कुणीतरी

सकाळी आठचं पाणी मोजून झालं तेव्हा हवा एकोणीस अंशांवर होती. सुयुनबायने दोन्ही आकडे वायरलेसवरून कळवले आणि कोटाच्या आतल्या खिशातून दुसरी वही काढली. पहिली वही नदीची, सरकारी. ही दुसरी त्याच्या गाडीची.

नऊ एप्रिल, हवा सहा अंश, एकसष्ट किलोमीटरवर बंद. वीस एप्रिल, अकरा अंश, चव्वेचाळीस. दोन मे, सतरा अंश, एकतीस. दर वेळी प्रकार एकच. चांगली चालती गाडी एकदम गप्प व्हायची. सेल्फ मारला तर फिरायचा, पण इंजिन पकडायचं नाही. पाऊण तास थांबलं की काही झालंच नाही अशा थाटात सुरू. त्याने खालच्या आलेखातल्या तिन्ही ठिपक्यांतून पेन्सिलीने रेघ ओढली, ती पुढे वाढवली आणि एकोणीस अंशांपाशी थांबला. सत्तावीस किलोमीटर.

आज गाडी सत्ताविसाव्या किलोमीटरला मरणार होती, आणि आजच मरून चालणार नव्हतं.

चिनार येत होती. फोन लागावा म्हणून त्याला टेकडी चढावी लागे. गेल्या आठवड्यात वर पोचल्यावर धाप लागलेली तिने ऐकली होती.

"कोके, पुरे झालं आता," ती म्हणाली होती. लहानपणापासून ती बापाला कोकेच म्हणायची. "शेजारचं घर चौदा किलोमीटरवर. आई होती तोवर ठीक होतं. त्या भंगाराच्या भरवशावर जानेवारीत काय करणार तुम्ही?"

"जानेवारीत ती बंद पडत नाही. थंडीत उत्तम चालते. माझ्याकडे आकडे आहेत."

"आकडे!" ती म्हणाली. "बरं, आकड्यांतच बोलू. शनिवारी एकच्या ट्रेनने येते. स्टेशनपासून घरापर्यंत चौऱ्याहत्तर किलोमीटर. मला न थांबता घरी पोचवलंत, तर हा विषय पुन्हा काढणार नाही. वाटेत बंद पडली, तर रविवारी माझ्याबरोबर शहरात."

"शब्द?"

"शब्द."

शहरातला तिचा फ्लॅट त्याने पाहिला होता. सातवा मजला, स्वच्छ, उबदार. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसायच्या. तिथे मोजण्यासारखं काही नव्हतं. इथे त्याने कारासू नदीचं पाणी एकतीस वर्षं, दिवसातून दोनदा, सकाळी आठ आणि संध्याकाळी आठला मोजलं होतं. एकाही दिवसाचा रकाना रिकामा नव्हता. बायको, बुरुल, गेली त्या दिवसाचाही नाही.

गाडीचं त्याने रीतसर शोधलं होतं. इंजिनाला पेट्रोल लागतं, हवा लागते, ठिणगी लागते. तिघांपैकी एक जण दगा देत होता. पेट्रोलची गाळणी बदलली. पंप बदलला. टाकीचं झाकण सैल ठेवून पाहिलं. स्टेशनजवळच्या मेलिस मिस्त्रीने एप्रिलात बॉनेट उघडलं, दोन तास खटपट केली, पन्नास वेळा सेल्फ मारला, आणि पन्नासही वेळा गाडी सुरू झाली.

"सुयेके, गाडी ठणठणीत आहे," हात पुसत मेलिस म्हणाला. सुयुनबायला तो मानाने सुयेके म्हणायचा. "तपासायचंच असेल तर तुम्हाला तपासायला हवं. जेवता का वेळेवर?"

राहिली ठिणगी. ती बघायची रीत अगदी सोपी. प्लगची वायर काढायची, तिला एक सुटा प्लग लावायचा, तो इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा आणि सेल्फ मारायचा. निळी ठिणगी उडाली तर करंट आहे. पण सेल्फ मारणारा आत बसलेला असतो आणि बघणारा बाहेर वाकलेला. एका माणसाच्याने ते होत नाही. सुयुनबायने दाढीचा आरसा बॉनेटला टांगून पाहिला होता, त्यात फक्त आभाळ दिसलं. तीस वर्षं किल्लीपाशी बुरुल बसत आली होती. "मार!" म्हटलं की मारायची, "थांब!" म्हटलं की थांबायची, आणि मधल्या वेळात आतून विचारायची, "हिचं ऐकता एवढं, कधी माझंही ऐका."

तो साडेआठला निघाला. एकच्या ट्रेनसाठी दीड तास पुरे होता. थांबण्यांचे तीन तास त्याने धरले होते.

सत्ताविसाव्या किलोमीटरला काही झालं नाही. अठ्ठाविसाव्याच्या खांबाजवळ आवाज तुटला आणि गाडी उतारावरून मुकाट्याने घरंगळत कडेला लागली. आपली रेघ एकाच किलोमीटरने चुकली याचं त्याला क्षणभर समाधान वाटलं. मग बापाची वाट बघत प्लॅटफॉर्मवर उभी राहिलेली चिनार डोळ्यांपुढे आली आणि समाधान गेलं.

त्याने बॉनेट उचललं. वारा होता, बाकी काही नव्हतं. डावीकडे गवत, उजवीकडे गवत, पुढे तारबागाताय डोंगराची निळी रेघ.

दहा मिनिटांत एक घोडेस्वार गवतातून चालत्या घोड्यावर आला. उघडं बॉनेट दिसलं की इकडे कुणी आपल्या वाटेने जात नाही. पन्नाशीचा, फाटक्या लष्करी कोटातला मेंढपाळ. सलाम झाला, प्रकृती, जनावरं, पाऊस विचारून झालं, कुठल्या घराण्यातले तेही विचारून झालं. त्याचं नाव ओस्पान. पाणी मोजायच्या ठाण्यावरचा म्हातारा तो हाच, हे ओस्पानला ऐकून माहीत होतं.

"मेली का?" ओस्पानने गाडीकडे हनुवटी केली.

"पाऊण तासाने जिवंत होईल."

"माझा घोडा असं करायला लागला तर मी त्याला खाऊन टाकीन."

"ओस्पान, एक काम करशील? आत बसून किल्ली फिरवायची. मी मार म्हटलं की फिरव, थांब म्हटलं की सोड."

"आगा, मी आयुष्यात गाडी चालवलेली नाही."

"चालणारच नाहीये ती."

ओस्पानने लगाम गाडीच्या आरशाला अडकवला, टोपी काढली, कुणाच्या घरात शिरावं तसा आत बसला आणि दोन्ही हातांनी किल्ली धरली. सुयुनबायला घाई होती. इंजिन निवायच्या आत बघायचं होतं. इंजिनावर पसरलेला लोकरीचा नमदा त्याने प्लगच्या बाजूने अर्धाच उलटला, वायर काढली, सुटा प्लग लोखंडाला टेकवला.

"मार!"

सेल्फ कण्हला. ठिणगी नाही.

"थांब! पुन्हा मार!"

नाही. प्लगच्या टोकाशी नुसता काळोख. म्हणजे पेट्रोल निर्दोष होतं. महिनाभर तो भलत्याचाच पिच्छा पुरवत होता. त्याची बोटं वायर धरत मागे गेली, नमद्याच्या उरलेल्या अर्ध्या भागाखाली, जिथे ठिणगीचा करंट तयार करणारी मुठीएवढी कॉइल बसवलेली होती. त्याने झटक्यात हात मागे घेतला. बोटांची टोकं पोळली होती.

ओस्पान उतरून शेजारी येऊन उभा राहिला होता.

"एक विचारू? हसू नका. मे महिन्यात यंत्राला कोट कशाला घातलाय?"

सुयुनबायने नमद्याकडे पाहिलं. राखाडी लोकरीचा, बोटभर जाड, कडेला लाल धाग्याने शिवलेली मेंढ्यांच्या शिंगांची वेलबुट्टी. थंडीत इंजिन गोठू नये म्हणून सगळेच असा घालतात. महिन्याभरात त्याने बॉनेट तीस वेळा तरी उघडलं असेल. दर वेळी नमदा नीट उचलून बाजूला ठेवला होता, तपासलं होतं, आणि तपासेपर्यंत वारा लागून कॉइल निवून पुन्हा ठिणगी देऊ लागली होती. गाडी सुरू झाली की त्याने तो तितक्याच नीट परत पांघरला होता. मेलिसनेही तेच केलं, पण तेव्हा सकाळी अजून बर्फ पडत होतं, कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं.

"हा ती काढायची," तो म्हणाला. "मार्चात नौरोज झाला की काढायची. झोडपून कुंपणावर वाळत टाकायची."

"मग या वर्षी?"

"फेब्रुवारीत गेली."

ओस्पानने दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. "तिची माती रेशमाची होवो."

"हो," सुयुनबाय म्हणाला. नमदा दर वर्षी कुणीतरी काढतं म्हणूनच निघतो, हेच त्याच्या ध्यानात आलेलं नव्हतं. एकतीस वर्षं त्याला वाटत होतं की उन्हाळ्यात गाडीवर नमदा नसतो.

ओस्पानने ओढ्याचं पाणी आणलं. फडकं ओलं करून कॉइलवर ठेवलं, ते सुकलं, पुन्हा ओलं केलं. तोवर दोघांनी गवतात बसून खारट दह्याचे वाळके गोळे चघळले. नवव्या मिनिटाला ओस्पान आपणहून आत जाऊन बसला आणि ओरडला, "मारू?" सुयुनबाय हो म्हणायच्या आत इंजिन सुरू झालं. घोडा बिचकला. ओस्पानला इतका आनंद झाला की त्याने हॉर्नही वाजवून घेतला.

नमदा घडी करून मागच्या सीटवर गेला. उरलेले सेहेचाळीस किलोमीटर गाडी एका दमात गेली.

चिनार उतरली ती दोन मोठ्या रिकाम्या बॅगा घेऊन. बापाचे कपडे, भांडी, वह्या त्यात मावतील असा तिचा हिशेब होता. मागच्या सीटवर बॅगा टाकताना तिचा हात नमद्यावर थांबला. मग ती पुढे येऊन बसली आणि मीटरवरचा आकडा मोठ्याने वाचून दाखवला.

"सुरू," ती म्हणाली.

दुपारी हवा तेवीस अंशांवर गेली होती. वीस किलोमीटर झाले. तिने नातवाचे दात, जावयाची बदली, सातव्या मजल्याची लिफ्ट दुरुस्त झाल्याचं सांगितलं. तीस झाले. ती मीटरकडे बघू लागली. पस्तिसाव्याला एका खड्ड्यात इंजिनाचा आवाज किंचित अडखळला आणि दोघांनीही एकदमच श्वास रोखला. आवाज पुन्हा सरळ झाला. सुयुनबायने तिच्याकडे पाहिलं. ती समोर काचेतून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जी निराशा त्याने पाहिली ती आपल्याही चेहऱ्यावर असेल का, हे बघायला आरसा सोयीच्या जागी नव्हता.

अंगणात गाडी थांबवून त्याने किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. पुन्हा फिरवली. सुरू झालं.

"काय होतं हिला?" तिने विचारलं.

"गरम होत होती."

चिनार खाली उतरली, रिकाम्या बॅगा काढल्या, एकीत दुसरी घालून दाराशी ठेवल्या. "शब्द म्हणजे शब्द, कोके. पुन्हा नाही विचारणार." मग जरा थांबून, "तुम्ही मात्र विचारू शकता. कधीही."

त्याने मान हलवली. संध्याकाळी आठला ती त्याच्याबरोबर नदीवर आली, पट्टीवरचा आकडा तिने वाचला, त्याने लिहिला. एकशे बारा. तिची एका सेंटिमीटरची चूक झाली असेल असं वाटून त्याने स्वतः वाकून पाहिलं. बरोबर होता.

रविवारी अडीचची ट्रेन होती. प्लॅटफॉर्मवर ती म्हणाली, "एकदा तरी बंद पडली असती ना..." आणि हसली. तो म्हणणार होता, मलाही तसंच वाटलं. डब्यावरच्या कर्मचारी बाईने दार लावायला घेतलं, तेव्हा तो म्हणाला, "पोचलीस की फोन कर. मी टेकडीवर जाईन."

"किती वाजता?"

"तू म्हणशील तेव्हा."

परतीला त्याने सवयीने थांबण्यांचा वेळ धरला होता: साडेपाच तास, म्हणजे आठच्या आकड्याला बरोबर पोचता येईल. गाडी कुठेही थांबली नाही. चार वाजता तो अंगणात होता.

त्याने चहा केला, दूध घातलं, एक पेला प्यायला. कॉइलला हात लावून पाहिला; कोमट होती. मग नदीची वही घेऊन पट्टीपाशी जाऊन उभा राहिला. पाणी एकशे चौदा होतं, दुपारच्या उन्हाने वरचं बर्फ वितळलं असणार. पेन्सिल त्याच्या हातात होती. पण छापील वहीत चार वाजताचा रकाना नव्हता, म्हणून तो काठावरच्या दगडावर बसला.