गळतीमास्तरच्या डोक्यातली भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. पण मला शोधायला घराबाहेर पडू नका. मी एका माणसाच्या डोक्यात राहते. मेंदूत केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. त्यांच्या आतल्या अंगाला चपट्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगून बसलेल्या असतात. तीच मी. रक्तातली साखर आणि प्राणवायू मी मेंदूकडे सोडते; जंतूंना आणि नको त्या पदार्थांना दारातूनच वाटेला लावते. चहातली तरतरी मात्र मला न जुमानता आत घुसते. चालायचंच!

माझा मालक गच्च्यांची गळती बंद करतो, म्हणून सगळे त्याला गळतीमास्तर म्हणतात. बायको सिमेंटचा मसाला कालवते, तो थापतो. काम झालं की गच्चीच्या दाराला लाल दोरी बांधून तो घरमालकाला दम भरतो, "आतून ओलं आहे. पाय ठेवलात तर मला बोलवू नका!"

इतकी वर्षं माझं कुणी नावही काढलं नाही. भिंतीची आठवण होते ती गळायला लागल्यावरच.

एकदा तो शिडीवरून घसरला. हेल्मेट होतं, पण त्यात त्याने ब्रश भिजत घातले होते. डोकं कठड्यावर आपटलं. "काही नाही झालं," म्हणत उठला आणि भडाभडा ओकला. बायकोने त्याला तडक दवाखान्यात नेलं. तिचे उपकार कसे फेडू? माझे सांधे उसवले होते आणि रक्तातलं पाणी मेंदूत झिरपत होतं. मेंदू सुजला तर कवटीत त्याला सरकायला जागा कुठली? मी फार घाबरले होते.

डॉक्टरबाईंनी खाटेची उशाकडची बाजू उंच केली. प्राणवायू आणि रक्तदाब कमी पडू दिला नाही. घरी सोडताना त्या म्हणाल्या, "आतली भिंत सांधणारं हमखास औषध अजून आपल्याकडे नाही. तिचं तिला भरून येऊ द्या. मी सांगेपर्यंत शिडी नाही, दारू नाही आणि डोक्याला दुसरा मार तर मुळीच नाही."

पण गळतीमास्तर कुणाचं ऐकेल तर शपथ! डोकं दुखायचं थांबलं तशी स्वारी कामाचे बूट चढवून निघाली. पुन्हा पडला असता तर माझं काही खरं नव्हतं, आणि त्याचंही. बघतो तर खोलीच्या दारात लाल दोरी आडवी.

"अगं, ही तर माझीच दोरी!"

"आणि नियमही तुमचाच," बायको म्हणाली. "आतून ओलं आहे. बाईंनी तपासल्याशिवाय हलायचं नाही."

"मला चांगलं बरं वाटतंय."

"गच्चीसुद्धा वरून लगेच कोरडी दिसते. तेव्हा तुम्ही लोकांना काय सांगता?"

मास्तर बूट काढून आडवे झाले. मला इतका आनंद झाला की मी नाचलेच असते. पण भिंतीने नाचणं बरं दिसत नाही.

हळूहळू माझे सांधे जुळले. बाईंनी परवानगी दिल्यावर मास्तर हेल्मेटचा पट्टा आवळून कामावर गेले. ब्रशांना आता जुनी बादली मिळाली आहे.

मित्रांनो, मेंदूला स्वतःची जखम दुखत नाही आणि मला तोंड नाही. म्हणून खेळताना कुणाच्या डोक्याला मार लागला आणि तो ओकू लागला, पेंगू लागला किंवा भलतंच बोलू लागला, तर त्याच्या "काही नाही झालं"वर विश्वास ठेवू नका. लगेच मोठ्यांना हाक मारा. तो चिडेल, कट्टी घेईल. घेऊ दे खुशाल. उद्या तुमच्याशी भांडायला तो धडधाकट असेल, एवढं मला पुरे.