कॉम्प्युटर भगताचा कौल

नितीनच्या अंगणात अख्खा पाडा लोटला होता. मधोमध पाटावर एक पिवळट पडलेला जुना कॉम्प्युटर मांडला होता. त्याला झेंडूचा हार, पुढे नारळ आणि पाय बांधलेला कोंबडा. आत खाटेवर नितीनचा मुलगा तापाने फणफणला होता. काही पुरुष घरून काठ्या घेऊनच आले होते. भुताळीचं, म्हणजे पोरावर करणी करणाऱ्या बाईचं, नाव निघाल्यावर पुढे काय करायचं, हे कोणी कोणाला विचारत नव्हतं.

"देव आता अंगात येत नाय, मशीनमध्ये येतो!" चिमण भगत ओरडला. गेल्या वर्षापर्यंत हा गृहस्थ चारोटीला भंगार गोळा करायचा. पण घरोघरी मोबाइल आले होते आणि पडद्यावर दिसेल ते खरं, अशी लोकांना सवय लागली होती.

कुंकू लावलेली एक फ्लॉपी, जुन्या काळची माहिती साठवायची चपटी चकती, त्याने कॉम्प्युटरच्या फटीत सारली. फटीमागचा ड्राइव्ह घर्र घर्र करत गुरगुरला, त्याचा दिवा लागला. पडदा फडक्याने झाकलेलाच होता. मंत्र पुटपुटून त्याने फ्लॉपी बाहेर काढली आणि कोऱ्या फ्लॉप्यांचा खोका पुढे धरला.

"पायजे ती उचला. पोराच्या कपाळाला लावा नि तुम्हीच आत घाला. मी हात लावणार नाय."

नितीनने तसंच केलं. भगताने कळ दाबून फडकं ओढलं. नितीन तळासरीच्या कारखान्यात कामाला होता, इंग्रजी अक्षरं त्याला येत. पडद्यावरची अक्षरं त्याने जुळवून वाचली.

"बुधी."

शेजाऱ्याने दुसरी फ्लॉपी घातली. बुधी. आणखी एकाने घातली. बुधीच.

बुधीबाई कुडाला टेकून बसली होती. नवरा गेलेला, मुलगा मासेमारीच्या बोटीवर. असल्या म्हातारीकडे बोट दाखवायला फार हिंमत लागत नाही. तिची सून कविता तिच्यापुढे येऊन उभी राहिली.

पण एक गोष्ट तिला खटकत होती. पहिल्या फ्लॉपीला गुरगुरलेला ड्राइव्ह पुढच्या फ्लॉप्यांना गप्प का? दिवासुद्धा लागला नव्हता. कविता लहान असताना तिची आई डहाणूच्या चिकूवाडीतल्या बंगल्यात धुणीभांडी करायची आणि तिथल्या ताई कविताला घरच्या कॉम्प्युटरवर बसू द्यायच्या. त्यालाही हेच दुखणं होतं. फ्लॉपी बदलली तरी तो आधीच्या फ्लॉपीतल्याच फाइलींची नावं दाखवायचा.

"फ्लॉपी काढा," कविता म्हणाली. "रिकाम्यालाच विचारा."

नितीनने फ्लॉपी काढून भगताने दाबलेलीच कळ दाबली. बुधी.

"बघा, बघा!" चिमणने संधी साधली. "पोट रिकामं, तरी देव बोलला! शंका घेणारीच्या थोबाडीत मारली देवानं!"

गर्दी पुढे सरकली. आपणच सासूला आणखी संकटात ढकललं, हे कविताच्या ध्यानात आलं आणि तिला रडू फुटायचं बाकी राहिलं.

"नितीनदादा, बंद करून चालू करा. बटण दाबल्यावर पळतो तो कसला देव?"

"नको! मशीन फुटंल!" चिमण आडवा आला. इतका वेळ निर्धास्त असलेला भगत आता घामाघूम झालेला पाहून नितीनला शंका आली. त्याने बटण दाबलं. पुन्हा चालू केल्यावर कोरी फ्लॉपी घातली, तर ड्राइव्ह गुरगुरला आणि पडद्यावर नाव म्हणून काही उमटलं नाही.

कविता कॉम्प्युटरपुढे बसली. कुणाचंही नाव घातलं असतं तरी त्याच्यावर काठी उठली असती, म्हणून तिने त्या फ्लॉपीत स्वतःचंच नाव घातलं.

"आता तुमच्या हातानं दुसरी घाला."

"कविता," नितीनने वाचलं. तिसरी घातली. "कविता."

बायका मागे सरल्या. एकाने खरंच काठी उगारली.

"अहो, मी तुमच्यासमोर लिहिलं ना!" कविता ओरडली. "फ्लॉपी बदलली की ड्राइव्हनं कॉम्प्युटरला कळवायचं असतं. इथं ती खबर पोचतच नाही. त्याला वाटतं, जुनीच आत आहे. मग तो नवी वाचतच नाही, आधीचं लक्षात ठेवलेलं दाखवतो. कुंकवाची घालून बघा."

नितीनने कॉम्प्युटर पुन्हा बंद-चालू करून कुंकवाची फ्लॉपी घातली. ड्राइव्ह गुरगुरला. बुधी.

"पण या भगताला बुधीआत्याचं नाव कसं कळलं?" कुणीतरी विचारलं.

नितीनने मान खाली घातली. "परवा ताडी पिताना यानं विचारलं, पाड्यात घरी पुरुष नसलेली म्हातारी कोण? मीच सांगितलं."

आता काठ्या चिमणकडे वळल्या. तेवढ्यात मागून आवाज आला, "मग खरी भुताळी कोण?"

कविता काठ्यांच्या आडवी आली.

"कोणीच नाही!" ती म्हणाली. "याला मारू नका, पोलिसात द्या. भुताळी कधी नव्हतीच. पोराला ताप आहे, त्याचं रक्त तपासा. नाव शोधून ताप उतरत नाही. कुणी कितीही मोठा चमत्कार दाखवू दे, आधी विचारा, हे झालं कसं? विचारल्यानं देव रागावत नाही, लबाड रागावतो."

नितीनने मुलाला खांद्यावर घेतलं. कासा गावच्या दवाखान्याकडे जाणारी जीप गाठायला तो निघाला, तेव्हा बुधीबाई पहिल्यांदाच बोलली.

"पोरा, मशीन धड असतं, नि तरी माझं नाव आलं असतं, तर मारलं असतंस ना मला?"

नितीन थांबला. मग मुलाला सावरत तो जीपकडे चालू लागला.