सतरा नंबरच्या लेथचं झाकण

मनुष्याने यंत्र निर्माण केले त्याच क्षणी यंत्रापासून मनुष्याचे रक्षण करण्याची जबाबदारीही त्याने शिरावर घेतली, आणि एखादा समाज ही जबाबदारी कशी पार पाडतो यावरून त्याची संस्कृती ओळखावी, असं मी इतिहासाच्या तासाला मुलांना गेली सत्तावीस वर्षं सांगत आलो आहे. आमच्या वालेंतिन आल्सिना या कारखान्यांच्या वस्तीत ही जबाबदारी यंत्र आल्याच्या पहिल्याच दिवशी पान्याने सोडवून कोपऱ्यात ठेवतात.

मी लेथच्या गार्डांबद्दल बोलतोय. लेथवर लोखंडाचा तुकडा चकात, म्हणजे फिरत्या पकडीत, धरून गरगर फिरवायचा आणि हत्याराने त्याची साल काढायची. ती साल तापून, कुरळी होऊन वाटेल तिकडे उडते. म्हणून चकावर एक बिजागरीचं झाकण असतं आणि मागे एक लांब पत्रा. जगात इतरत्र ते यंत्रावरच राहतात म्हणे. आमच्याकडे झाकण लावून काम करणाऱ्या टर्नरला कारखान्यात ‘सिस्टरबाई’ म्हणायचे. त्यामुळे कोणी लावत नसे.

माझे दाजी आल्दो पन्नास वर्षं टर्नर. गार्डाचा विषय निघाला की ते दोन्ही पंजे टेबलावर पसरून दाखवायचे. दहाच्या दहा बोटं! हा त्यांचा युक्तिवाद. एकाहत्तराव्या वर्षी त्यांचा डावा डोळा गेला तोही लेथमुळे नाही. काचबिंदूने, खुर्चीत पेपर वाचता वाचता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डावा परत येणार नाही, आता उजव्याला जपा. मग सहज विचारलं, “काय करता आपण?”

“टर्नर आहे. घरीच लेथ आहे माझा, मागच्या शेडमध्ये.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्या बहिणीकडे बघितलं. नेलिदाताई घरी आली, शेडमधल्या बोर्डातले तीन फ्यूज काढले आणि पर्समध्ये टाकले. ती पर्स मग तिच्याबरोबर भाजीला, चर्चला आणि बाथरूमलाही जाऊ लागली.

“लेथला झाकण बसव, मग फ्यूज घे,” ती म्हणाली.

“मी चष्मा लावीन ना.”

“चाळीस वर्षं लावतोयस. कपाळाला. कपाळाला काही झालेलं नाही, हे मी मान्य करते.”

त्यानंतरचे दोन महिने त्या घरात फार वाईट गेले. दाजींनी चांगल्या दारांच्या बिजागऱ्या दुरुस्त केल्या, तेव्हापासून ती दारं लागत नाहीत. ताईबरोबर बाजारात जाऊन ते कांदे एकाच मापाचे निवडायला लागले. दुपारी मी कधी गेलो तर शेडमधून बारीक टिक-टिक ऐकू यायची. आत दाजी अंधारात उभे राहून बंद लेथचा चक हाताने फिरवत असायचे.

“तेल सगळीकडे पोचावं म्हणून,” ते म्हणायचे.

मला हे बघवत नव्हतं, त्याला कारण आहे. मी सात वर्षांचा असताना ताईने मला आपल्या घरी आणलं. पुढची पंधरा वर्षं मी जे खाल्लं, जी पुस्तकं घेतली, ती सगळी कारखान्यातल्या याच सतरा नंबरच्या लेथवर निघाली. माझी इतिहासाची पदवी अक्षरशः कातून काढलेली आहे. कारखाना बंद पडला तेव्हा दाजींनी सतरा नंबर विकत घेतला आणि सात जणांनी तो पाइपांवरून ढकलत चार गल्ल्या ओलांडून घरी आणला. त्या सातांत मी होतो. ढकलण्यापेक्षा सूचना जास्त देत होतो.

तर झाकण शोधणं माझ्याकडे आलं, कारण गाडी माझ्याकडे होती.

आधी दाजींनी तेलाच्या डब्यातून स्वतःच एक बनवलं. ताईने परीक्षेपुरते पाच मिनिटं फ्यूज दिले. लेथ सुरू झाला, डबा थरथरला, सुटला, शेडच्या दारातून बाहेर पडला आणि घरंगळत रस्त्यापर्यंत गेला.

“आता हे झाकण अंगावर येऊ नये म्हणून दुसरं झाकण कुठे मिळतं?” ताईने विचारलं आणि फ्यूज परत घेतले.

मग एक तयार झाकण मागवलं. ते यायला तीन आठवडे लागले आणि बसत नाही हे कळायला तीन सेकंद. त्याची भोकं भलत्या अंतरावर होती. दाजींनी ते परत खोक्यात ठेवलं आणि म्हणाले, “मास्तर, सतरा नंबरला सतरा नंबरचंच लागणार.”

जुनी यंत्रं विकणाऱ्या सुनीनोच्या गोदामात आम्ही गेलो तेव्हा एका ओळीत पंधरा लेथ उभे होते. पंधराही उघडेबोडके.

“गार्ड?” सुनीनो म्हणाला. त्याने माते, आमचा कडू पाल्याचा चहा, ढवळणं थांबवलं. “मास्तर, एकतीस वर्षं झाली मला या धंद्यात. माझ्याकडे बिनमोटरचा लेथ आहे, बिनलेथची मोटर आहे. एकदा एक माणूस बायकोसकट वर्कशॉप विकायला आला होता. पण गार्ड मागायला आलेले तुम्ही पहिले.”

“मग गार्ड जातात तरी कुठे?”

“चांगला तीन मिलीमीटरचा पत्रा असतो तो. घरी जातात! माझ्या सासूच्या कोंबड्या एका फ्रेंच लेथच्या गार्डाखाली अंडी घालतात. तुमचा कुठला?”

दाजींनी मेक सांगितला, साल सांगितलं.

“चौऱ्याहत्तर?” सुनीनो हसला. “त्या सालचा गार्ड सापडला तर मला फोन करा. फोटो काढून घ्यायचाय.”

परतताना, घराजवळ आल्यावर दाजी म्हणाले, “विकून टाकू या. नुसता बघत बसण्यापेक्षा बरं.” मी गियर चुकवला. इतक्या वर्षांत हा माणूस सतरा नंबरबद्दल ‘विकू’ म्हणालेला मी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रविवारी आम्ही बार्तोलोकडे जेवतो. बार्तोलो म्हणजे कारखान्यात शेजारच्या अठरा नंबरवर असलेला दाजींचा मित्र. त्याच्या मागच्या अंगणात त्याची निखाऱ्यांची शेगडी आहे. बाजूच्या गोल भांड्यात लाकडं पेटवायची, निखारे पडले की ते लांब पत्र्यावर ओढायचे आणि वर जाळीवर मांस ठेवायचं. चार वर्षांपूर्वी त्याची बायको एल्बा गेली. तेव्हापासून बार्तोलोच्या आठवड्यात एकच दिवस असतो. बाकीचे सहा त्याची वाट बघण्यात जातात.

आमच्याकडे मांस टेबलावर आलं की भाजणाऱ्यासाठी टाळ्या वाजवतात. सगळे वाजवतात. दाजी कधीच वाजवत नाहीत. “टाळ्या नाटकाला,” ते म्हणतात. “आधी खाऊन तर बघू दे.” बार्तोलो त्यावर दर रविवारी तीच शिवी देतो. ती इथे लिहीत नाही, कारण ताई हे वाचणार आहे.

डोळा गेल्यापासून दाजींना अंतराचा अंदाज येत नाही. त्या दिवशी ते बरगड्या कितपत झाल्या ते बघायला वाकले आणि नाक जवळजवळ जाळीला टेकेपर्यंत खाली गेले. तिथेच थांबले. मला वाटलं, चक्कर आली.

“बार्तोलो,” ते तसेच वाकून म्हणाले, “हे काय आहे?”

“बरगड्या. अजून दहा मिनिटं.”

“बरगड्यांखाली?”

“निखारे. डॉक्टरांनी तुझा डोळा तपासला की डोकं?”

“निखाऱ्यांखाली काय आहे?”

बार्तोलोने चिमटा खाली ठेवला. “पत्रा आहे लेका. तूच दिलास. माझ्या लग्नात.”

दाजींनी लाकडांच्या गोल भांड्यावरची काजळी अंगठ्याने पुसली. अंगठा भाजला, पण पुसत राहिले. खालून आकडा निघाला. एक आणि सात.

ते साफ विसरले होते. चौऱ्याहत्तरमध्ये नवा लेथ आला, त्यांनी त्याच दिवशी झाकण आणि मागचा पत्रा सोडवला. आठवड्याने मित्राचं लग्न होतं, खिशात काही नव्हतं. दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळले, लाल फीत बांधली आणि चर्चच्या दारात त्याच्या हातात दिले. पत्र्याचा झाला निखाऱ्यांचा तळ आणि उलट्या झाकणात पेटायला लागली लाकडं. झाकणाला काम बघायची जी चौकोनी खिडकी होती, तिच्यातून त्रेचाळीस वर्षं बार्तोलो फाटे सारत होता.

“एल्बा म्हणायची,” बार्तोलो म्हणाला, “सगळ्यांनी चमचे दिले, आल्दोने तेवढं काहीतरी कामाचं दिलं.”

सुनीनोच्या गोदामातून आम्ही काय तोंड घेऊन परत आलो ते बार्तोलोला माहीत होतं. ताईने पर्स मांडीवर घट्ट धरली आणि ताटाकडे बघायला लागली. आमच्या घराण्यात मागायची पद्धत नाही. आम्ही हवी ती वस्तू नुसती न बघण्याचा प्रयत्न करतो.

“छान आहे शेगडी,” दाजी म्हणाले आणि येऊन खुर्चीवर बसले.

बार्तोलोने मांस वाढलं. टाळ्या झाल्या, जरा कमीच. सगळं जेवण होईपर्यंत तो फुटबॉलबद्दल बोलत होता. मग उठला, नळाखाली बादली भरली आणि निखाऱ्यांवर ओतली. वाफेचा एक मोठा ढग अंगणभर पसरला. त्या ढगातून तो पाना घेऊन बाहेर आला.

“थंड व्हायला वेळ लागेल. तोवर मास्तर, भांडी घास.”

“राहू दे,” दाजी म्हणाले. “बार्तोलो, ऐक. राहू दे म्हणतो ना.”

“तू गप बस. नाहीतरी डाव्या कोपऱ्यात चोरीसोचे सॉसेज करपतातच. एल्बा चाळीस वर्षं ओरडत होती.”

“एल्बाची आठवण आहे ती.”

“एल्बाची आठवण म्हणजे पत्रा होय रे गाढवा?” बार्तोलोने पहिल्या नटाला पाना लावला. “तुझा डोळा वाचत होता आणि मी शेगडी धरून बसलो हे तिला कळलं, तर वर गेल्यावर ती मला दारात उभं करणार नाही. धर इकडून.”

नट गंजले होते. दोन म्हातारे आणि मिळून तीन डोळे, दुपार गेली त्यात. शेवटचा नट सुटला तेव्हा अंगणात फक्त चार विटा आणि एक काळा चौकोन उरला. बार्तोलोने झाकण उचललं, आतली राख झटकली आणि दोन्ही हातांनी दाजींच्या पुढे धरलं. लाल फीत तेवढी नव्हती.

दाजींनी ते घेतलं नाही. आधी त्यांनी काजळीने भरलेले हात वर केले आणि टाळ्या वाजवायला लागले. एकटेच. बराच वेळ. ताई रडायला लागली. मी भांडी घासत होतो, त्यामुळे माझे डोळे साबणाने चुरचुरले, असं मी सांगत असतो.

“पुरे आता,” बार्तोलो म्हणाला. “नाटक आहे का?”

झाकण सतरा नंबरवर चढवलं तेव्हा चारही भोकं जिथल्या तिथे आली. बिजागरी आधी कुरकुरली, मग चरबीने इतकी मऊ फिरली की तेल घालावं लागलं नाही. खिडकीसाठी मी न फुटणारं जाड प्लास्टिक आणलं. ते शाळेच्या सूचनाफलकावर होतं. सूचना कोणी वाचत नाही, त्यामुळे अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही. ताईने लाटण्याने झाकणावर सात-आठ दणके घातले, मागचा पत्रा हलवून बघितला, मग पर्स उघडली. तिन्ही फ्यूज एका रुमालात बांधलेले होते.

“बोट घातलंस ना आत, तर बघ,” ती एवढंच म्हणाली, आणि त्यांचा गाल पुसला. तिथे काजळी लागली होती.

लेथ सुरू झाला. गरम कीस झाकणाच्या आतून तडतड आपटत होता आणि एकही बाहेर येत नव्हता. थोड्या वेळाने झाकण तापलं आणि सगळ्या शेडला भाजलेल्या बरगड्यांचा वास सुटला. शेजारचा कुत्रा दारात येऊन बसला. दाजी खिडकीतून आत बघत होते. आपल्या कामाकडे इतक्या आदराने बघताना मी त्यांना पूर्वी पाहिलं नव्हतं.

आता बार्तोलो रोज सकाळी मातेचा थर्मास घेऊन शेडमध्ये येतो आणि लेथपाशी बसतो. दिवसभर दोघं एकमेकांची चूक काढतात. त्याचे सातही दिवस आता भरलेले असतात. ताई त्याच्यासाठी एक ताट जास्त लावते, न विचारता. मी देव फारसा मानत नाही, पण त्या शेडवरून जाताना मनातल्या मनात कोणाचे तरी आभार मानतो, नाव न घेता.

झाकण बसवलं त्या दिवशी, लेथ बंद करताना, दाजी बार्तोलोला म्हणाले होते, “तुला नवी शेगडी करून देतो. पहिलं काम तेच. चाक फिरवलं की जाळी वर-खाली होईल अशी. पुढच्या आठवड्यात.”

त्याला चौदा महिने झाले. रविवारी आम्ही पिझ्झा मागवतो.