डीसांच्या घराला एकच शब्द

जनगणनेचा माणूस मंगळवारी येणार ही बातमी बेअरपेन वस्तीला रविवारी चर्चमध्ये कळली आणि सोमवारी सकाळपासून होझिया ब्रेबॉय घरोघर फिरू लागला. होझिया म्हणजे चर्चचा कारभारी, शाळा समितीचा अध्यक्ष आणि वस्तीतला सगळ्यात शहाणा माणूस. निदान स्वतःच्या मते तरी.

झेल्फिया डीसच्या अंगणात तो आला तेव्हा ती कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"झेल्फीबाई, उद्या तुम्ही अन् व्हीटा ओसरीवर बसा. तुम्ही वेणी पुढं घ्या, चांगली दिसू दे. व्हीटाला म्हणावं आज दिवसभर उन्हात काम कर, टोपी नको. फारच गोरी दिसते पोरगी."

"आणि रॉसर?"

होझियाने टोपी काढली, परत घातली. "रॉसरला उद्या मासे धरायला पाठवा की ओढ्यावर. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"माझा थोरला आहे तो, होझियाभाऊ. पावसात भिजेल म्हणून आत घ्यायचं लाकूड नाही."

"अहो, तुमच्या एका पोरापायी सगळ्यांची शाळा जाईल! कळतंय का?"

"मला सगळं कळतं. तुम्ही चला आता, कोंबड्या बुजतात तुम्हाला बघून."

कळत तिला खरंच होतं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या या हॅलिबर्न काउंटीत माणसांचे तीन खण पाडलेले होते. गोरे, काळे आणि इंडियन, म्हणजे या दलदलीकाठी गोरे येण्याच्या आधीपासून राहणारे हे लोक. कोर्टाच्या आवारात पाण्याचे नळ तीन होते. टाकी मात्र एकच. शाळाही तीन तऱ्हेच्या. बेअरपेनची शाळा वस्तीने स्वतःच्या हाताने बांधली होती, आणि यंदा काउंटीच्या शाळा मंडळात कुणीतरी पिल्लू सोडलं होतं की तिथे इंडियन उरलेत कुठे, सगळी सरमिसळ आहे. जनगणनेत काय येतं ते बघू आणि मग टाळं लावू. जनगणनेचा माणूस तर कुणाला काही विचारणारही नव्हता. तोंडाकडे बघायचं आणि शब्द लिहायचा, अशी त्याची रीत.

वस्तीतली रीत निराळी. तिथे नव्या माणसाला एकच प्रश्न विचारत, "तू कुणाचा?" त्याने आजा-आजीचं नाव सांगितलं की झालं, ताट वाढलं जाई. झेल्फियाच्या आईचा बाप स्कॉटलंडचा होता आणि नवऱ्याची आजी नदीपलीकडच्या काळ्यांच्या वस्तीतून नांदायला आली होती. हे कुणी लपवलं नव्हतं आणि कुणी मिरवलंही नव्हतं. त्यामुळे रॉसर बापाच्या आजीवर गेला आणि व्हीटा आईच्या आजोबावर, यात झेल्फियाला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. एका चुलीवरच्या भाकऱ्यांतही एखादी जास्त खरपूस होतेच.

मंगळवारी ती उठली तेव्हा रॉसरची खाट रिकामी होती. गळाची काठीही जाग्यावर नव्हती. काल तो गोठ्यामागे लाकडं फोडत होता, त्याने सगळं ऐकलं असणार. झेल्फियाला असा संताप आला की पायताण न घालताच ती ओढ्याकडे निघाली.

रॉसर सायप्रसच्या झाडाच्या मुळावर बसला होता. चाळिशीला आलेला, दोन लेकरांचा बाप, पण आईला बघून शाळा बुडवलेल्या पोरासारखा उठून उभा राहिला.

"किती मासे धरलेस?"

"एकही नाही अजून."

"गळाला आमिष तरी लाव की रे शहाण्या."

रॉसर हसला नाही. "आई, होझियाकाका चुकीचं नाही बोलत. माझी दोन्ही पोरं त्या शाळेत आहेत. मी दिसलो नाही तर बिघडलं कुठं?"

"त्या शाळेच्या तुळया कुणी उचलल्या?"

"मी. मी अन् शेजारच्या हेन्सनने."

"आणि होझियाने काय उचललं?"

"बायबल."

"मग ज्यानं तुळया उचलल्या तो चिखलात बसणार अन् ज्यानं बायबल उचललं तो ओसरीवर! अशी शाळा जळो माझी. चल घरी."

"आई, तो साहेब मला बघून काय लिहील, माहीत आहे ना?"

"ते मी बघते. पण आज तू इथं बसलास ना, तर उद्या तुझी पोरंही हेच शिकतील की आपल्याच घरात बापाला लपवायचं असतं. ते शिकवायला शाळा कशाला हवी?"

रॉसरने गळ पाण्याबाहेर ओढला. मग त्याने काठी उचलली आणि आईच्या मागोमाग चालू लागला.

जनगणनेचा माणूस, थॅगर्ड, एरवी गावात तंबाखूच्या वखारीत कारकुनी करायचा. टाय लावून, बुटांवर वस्तीची धूळ घेऊन तो ओसरीवर चढला. झेल्फियाने त्याच्यापुढे मक्याच्या दोन भाकऱ्यांमध्ये कॉलर्डची पालेभाजी आणि डुकराच्या चरबीचा तुकडा घालून बशी ठेवली. त्याने नकारार्थी मान हलवली. गोरी माणसं या ओसरीवर जेवत नसत, आणि झेल्फिया बशी पुढे करायचं थांबत नसे.

"नाव झेल्फिया डीस. विधवा. बरोबर ना, झेल्फिया?" त्याने तिच्या वेणीकडे, गालफडांकडे बघितलं आणि काहीतरी लिहिलं. मग व्हीटाकडे बघून पुन्हा लिहिलं. शेवटी पेन्सिल रॉसरकडे वळली. "हा गडी पगारी आहे की वाट्यानं शेती करतो?"

"तो माझा थोरला आहे."

थॅगर्डने वर बघितलं, खाली बघितलं आणि लिहून टाकलं.

व्हीटा त्याच्या खांद्यावरून वाचत होती. "आई, तुला इंडियन लिहिलंय. मला गोरी लिहिलंय. आणि दादाला काळा."

झेल्फिया खुर्चीतून उठली आणि ओसरीच्या पायरीवर जाऊन बसली, अगदी मधोमध. आता तिला ओलांडल्याशिवाय थॅगर्डला खाली उतरता येणार नव्हतं.

"या घरात तीन शब्द मावत नाहीत. खोड ते."

"मला डोळ्यांनी दिसतं ते मी लिहितो, झेल्फिया."

"डोळ्यांना काय कळतंय? यांना मी जन्म दिला, तू काय खिडकीतून बघत होतास?"

व्हीटा फिसकन हसली. थॅगर्डचे कान लाल झाले. "ठीक आहे. एका घरात एकच शब्द पाहिजे ना तुला? मग सगळ्यांना काळं लिहितो. चालेल?"

त्याला वाटलं, म्हातारी आता हातापाया पडेल. तोवर होझिया शेजारच्या घरातून धावत येऊन पोचलाही होता. "नको, नको, साहेब! झेल्फीबाई, माघार घ्या! शाळा..."

"लिही," झेल्फिया म्हणाली. "आधी माझ्या नावापुढं लिही. मग लेकीच्या. मला कशाची भीती घालतोस, रे? माझी आजेसासू काळी होती, तिनं माझं पहिलं बाळंतपण केलं, आणि तुझ्या बायकोच्या आजीचंही तिनंच केलं होतं. तो शब्द शिवी आहे असं तुला वाटतं, मला नाही. आम्ही इंडियन आहोत, माझा बाप इथलाच, त्याचा बाप इथलाच. ते लिही. नाहीतर माझ्या पोराला जे म्हणशील ते मला म्हण. पण त्याच्यासाठी वेगळा खण पाडू देणार नाही. मी जिवंत आहे तोवर तरी नाही."

"आणि शाळा?" होझिया रडवेला झाला होता.

"शाळा पुन्हा बांधू. तुळया उचलणारे आहेत अजून." मग तिने त्याच्याकडे नीट बघितलं. तो एकटाच धावत आला होता. "होझियाभाऊ, ऑर्लीनाकाकू कुठाय? सकाळपासून दिसली नाही ओसरीवर."

ऑर्लीना म्हणजे होझियाची आई. होझियाने मान खाली घातली. झेल्फियाला काय ते समजलं. रॉसरलाही समजलं असावं, कारण आईच्या शेजारून एकाच उडीत अंगणात उतरून तो होझियाच्या घराकडे गेला. मागच्या खोलीची कडी काढल्याचा आवाज इथवर आला. परत आला तो नव्वदीच्या म्हातारीला हातांवर घेऊन. चिमणीएवढी उरलेली म्हातारी, काजळीसारखी काळी, डोक्याला पांढरा रुमाल. रॉसरने तिला झेल्फियाच्या खुर्चीत बसवलं.

"ही कोण तुमची, होझिया?" थॅगर्डने विचारलं. आणि लगेच त्यानेच वाट काढून दिली, "स्वयंपाकीण?"

होझियाने नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. झेल्फियाच्या तोंडाशी शब्द आले होते, पण तिने ते गिळले. हे ज्याचं त्यानेच बोलायचं होतं.

होझियाने टोपी काढली. "आई आहे माझी."

"मोठ्यानं बोल, मला ऐकू येत नाही," म्हातारी म्हणाली. तिला पलीकडच्या शेतातली कुजबुजही ऐकू येत असे.

"आई आहे माझी!"

"आता कसं. सकाळपासून तहान लागलीय मला. कुणी पाणी द्या. आणि ती भाजी-भाकरी कुणी खात नसेल तर इकडं द्या."

थॅगर्डने कपाळ पुसलं. "होझिया, मग मघाशी तुमच्या घरात लिहिलेलंही मला..."

"आम्ही इंडियन आहोत," होझिया म्हणाला. तो आईच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला होता. "नाहीतर झेल्फीबाई म्हणतात तसं करा. आईला जे लिहाल तेच मला."

थॅगर्डने या सगळ्या तोंडांकडे एकदा पाहिलं. मग पेन्सिल उलटी केली आणि रबराने तीनही शब्द खोडले. कागद जरा फाटला. "काय लिहू?" त्याने विचारलं. सकाळपासून त्याने कुणाला हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

 झेल्फियाने हनुवटीने रॉसरकडे खूण केली. "त्याला विचार."

रॉसर गोऱ्या माणसापुढे कधी तीन शब्दांपलीकडे बोलत नसे. त्याने टोपी काढली नाही. "इंडियन. आई, बहीण, मी, माझी बायको, माझी पोरं. आणि माझ्या नावापुढं गडी लिहिलं असेल तर तेही खोडा."

थॅगर्डने खोडलं.

रस्त्यापलीकडे एक दार उघडलं, मग त्याच्या शेजारचं. रॉसरने म्हातारीला उचलून आणलेलं वस्तीने पाहिलं होतं. मागच्या खोल्यांतून, तंबाखूच्या कोठारांतून, सकाळी जिथे जिथे लपवून बसवली होती तिथून माणसं बाहेर यायला लागली. कुणी काळी, कुणी तांबूस, कुणी दुधासारखी. कपड्यांवरचं गवत झटकत ती रस्त्यावर उभी राहिली. झेल्फिया पायरीवरून उठली आणि थॅगर्डला वाट करून दिली.

"जा आता," ती म्हणाली. "मघाशी तू अर्धीच वस्ती बघितली होतीस."