ओनुफ्रीची खिडकी

ओनुफ्रीने आ वासला. परिचारिका स्टेफाने कापसाची काडी त्याच्या घशातून फिरवून काचेच्या नळीत टाकली.

"दिसतंय का काही?" त्याने ठसकत विचारलं.

"डोळ्यांना दिसलं असतं तर प्रयोगशाळा कशाला हवी होती?"

"अगं, घसा दुखत नाही, ताप नाही. रोज दोन वाट्या बोर्श्च, बीटाचं सूप, संपवतो मी!"

"म्हणूनच तर भीती. जंतू तुमच्या घशात आरामात राहतात आणि आजारी पडतो दुसराच."

त्या वर्षी घटसर्पाने मोठ्यांनाही सोडलं नव्हतं. साखर कारखान्यातला एकजण दगावला, तशी सगळ्यांच्या घशांची तपासणी झाली. त्यात ओनुफ्री सापडला. गोळ्यांचा कोर्स पुरा झाला होता. आता दोन तपासण्या निर्दोष आल्याशिवाय सुटका नव्हती. पहिली तशी आली. दुसरीचा निकाल सोमवारी येणार होता आणि रविवारी त्याच्या एकुलत्या एक लेकीचं, ओरिस्याचं लग्न होतं.

"एकाच दिवसाचा तर प्रश्न," स्टेफा गेल्यावर तो शेजारच्या खाटेवरच्या झेनोनला म्हणाला. "खिडकी कमरेएवढी उंच. रविवारी दुपारी मारतो उडी."

झेनोन घटसर्पातून नुकताच वाचला होता. हृदयावर ताण नको म्हणून त्याला पडून राहायची सक्ती होती. "तुझं पोट बघ आधी," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "चौकटीत अडकलास तर वऱ्हाड तुलाच ओढत बसेल."

दोघंही खूप हसले.

शनिवारी दुपारी समोरच्या खोलीत एका मुलीला आणलं. ओरिस्याच्याच वयाची असेल. मान गालांपर्यंत सुजलेली, प्रत्येक श्वासाला शीळ घातल्यासारखा आवाज. डॉक्टर धावत आले, लस टोचून घेतली नव्हती का म्हणून विचारत राहिले. तिची आई दाराबाहेर उभी होती. हातातला रुमाल ती घडी करायची, उलगडायची, पुन्हा घडी करायची.

ओनुफ्री दारातल्या काचेतून बघत राहिला. संध्याकाळी स्टेफा सांगून गेली, की प्रतिविष दिलंय, श्वास जरा मोकळा झालाय. तरीही त्या दिवशी त्याने बोर्श्चची दुसरी वाटी मागितली नाही.

रविवारी वऱ्हाड चर्चमधून थेट खिडकीखाली आलं. फुलांच्या मुकुटातली ओरिस्या काचेवर बोटं वाजवू लागली.

"बाबा, उघडा ना! एकदा जवळ घ्या मला!"

ओनुफ्रीने कडीला हात लावला, जोर लावल्यासारखं केलं आणि मान हलवली.

"घट्ट बसलीय गं!" तो काचेआडून ओरडला. "मेल्यांनी रंग देऊन चिकटवून टाकलीय!"

"मग फोडू का?" नवरदेव म्हणाला.

"आधी बायको सांभाळ, जावईबापू! काचा मग फोडा!"

सगळे खदखदले. ओनुफ्रीने लेकीने गुरुवारी पाठवलेला अकॉर्डियन गळ्यात अडकवला आणि असा काही वाजवला, की खिडकीखालच्या कोबीच्या वाफ्यात विहीणबाईंची पावलं थिरकली. ओरिस्या नाचली, रडली, पुन्हा नाचली. झेनोन पडल्या पडल्या चादरीवर ताल धरत होता.

वऱ्हाड गेल्यावर स्टेफा तरातरा आत आली.

"हा दवाखाना आहे की जत्रा? आणि केवढं कोंदलंय इथं!"

तिने कडी सरकवली. खिडकी एका बोटाने उघडली. बाहेरून हसण्याचे आवाज अजून येत होते.

स्टेफाने कडीकडे पाहिलं, मग ओनुफ्रीकडे. तो मान खाली घालून अकॉर्डियनचे पट्टे सोडत होता, आणि एकच पट्टा त्याला केव्हाचा सुटत नव्हता.

"द्या इकडे," ती हळूच म्हणाली आणि त्याच्यासमोर वाकली.